रोल आणि फिल्टर घेताना या चुका टाळा

परवा पुन्हा एक पोरगा धुतलेला रोल घेऊन आला. "काका, लाल फिल्टर लावला होता. आकाश काळंभोर यायला पाहिजे होतं, फोटोत तर सगळंच काळं." मी हसलो नाही, कारण हाच गाढवपणा मी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत करून बसलोय.

कॅमेरा याशिका इलेक्ट्रो-35, आत एचपी-5 चा 400 एएसएचा कृष्णधवल रोल (एएसए म्हणजे फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा आकडा). अक्षता सोहळ्याचा दिवस, वर निळं आकाश, समोर नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. नवा लाल फिल्टर चढवला आणि 36 फ्रेम उडवल्या. निगेटिव्ह हातात आली तेव्हा बाराबंदी तेवढ्या अंधूक दिसत होत्या, चेहऱ्यांचा पत्ता नव्हता. या कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर लेन्सच्या मागे नाही, बाहेर आहे. लाल फिल्टर तीन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हे त्या बाहेरच्या डोळ्याला कळणार कसं? एएसएची चकती 400 वरून 50 वर आणायची होती, बस्स. पिवळ्याला एक स्टॉप, म्हणजे 200. पेंटॅक्स के-1000 सारख्या कॅमेऱ्यात मीटर लेन्समधूनच बघतो, तिथं हा हिशोब पुन्हा करू नका.

आणि "लॅबवाल्याला पुश करायला, म्हणजे रोल जास्त वेळ धुवायला सांगतो" हे मला ऐकवू नका. सावलीतलं जे निगेटिव्हवर उमटलंच नाही, ते जास्त वेळ धुवून येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरी खोड म्हणजे 'जास्त एएसए म्हणजे भारी रोल'. आपल्याकडच्या दुपारी 400 चा रोल एफ-16 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करूनही, सेकंदाचा 1/500 वेग मागतो. इलेक्ट्रोसारख्या जुन्या कॅमेऱ्याचं शटर तिथंच संपतं. मग छिद्र मोठं करून मागचं धूसर कसं करणार? भुईकोट किल्ल्यावर उन्हात फिरायचं असेल तर मी 100 नाहीतर 200 भरतो. 400 संध्याकाळसाठी. 800 घेणाऱ्याला मी आधी विचारतो, लग्नाच्या हॉलमध्ये चाललायस का?

रंगीत रोलवर लाल-पिवळा फिल्टर लावू नका, फोटो लाल-पिवळाच येईल. रंगीतला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) वापरा, तोही दीड-दोन स्टॉप खातो.

फिल्टर घेण्याआधी लेन्सचा व्यास बघा. इलेक्ट्रोला 55 मिमी लागतो, 52 चा बसत नाही. दाबून तर नाहीच नाही.

मे महिन्यात ऊन मी म्हणतं तेव्हा रोल गाडीच्या डिकीत ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! माझे रोल फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे असतात. बायको कुरकुरते. बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडत नाही, दोन तास तशीच ठेवतो, नाहीतर फिल्मवर दव धरतं. उतावळ्यांना हे दोन तासच जड जातात.

त्या पोराला मी चकती 50 वर लावून दिली आणि फिल्टर काढल्यावर परत 400 करायला बजावलं. पुढच्या रोलला तो नेमकं तेवढंच विसरला.