ऑइल हीटर घेताय? पाती मोजत बसू नका

पाचगणी-महाबळेश्वरकडच्या लोकांना थंडीचं काय सांगायचं, वेण्णा लेकजवळ दव गोठल्याचे फोटो ग्रुपवर फिरायला लागले की दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या दुकानात ऑइल हीटरची चौकशी सुरू होते. आम्ही पण तसाच घाईत आणला, आजीच्या खोलीसाठी.

दुकानदार हीटरची पाती, म्हणजे तेल भरलेले उभे पत्रे, मोजून दाखवतो, ९ पाती, ११ पाती, १३ पाती. त्याच्या नादी लागू नका, अंगावर चिकटवलेली पट्टी वाचा आणि वॅट किती लिहिलेत ते बघा, कारण आत जेवढी वीज जाते तेवढीच ऊब बाहेर येणार, पाती वाढली की ती जरा जास्त जागेतून येते एवढंच. वर स्लॅब असलेल्या १० बाय १२ च्या खोलीला १५०० ते २००० वॅट पुष्कळ झाले. वर नुसता पत्रा असेल तर २५०० चा पण रडतो, तिथं आधी सिलिंगचं बघा आणि दाराखालच्या फटीत जुनी गोधडी गुंडाळून लावा, फुकटात निम्मं काम होतं. आयएसआयचा मार्क, नॉब फिरवायचा थर्मोस्टॅट आणि हीटर आडवा पडला तर आपोआप बंद होणारा स्विच, ह्या तीन गोष्टी नसतील तर स्वस्त आहे म्हणून उचलू नका.

आता आम्ही माती कुठं खाल्ली ते. पॉवर पॉइंट स्वयंपाकघरात, आजीची खोली पलीकडं, म्हणून एक्स्टेंशन बोर्ड ओढला. रात्री दोनच्या सुमाराला आजीनं हाका मारल्या, म्हणे चुलीत प्लास्टिक कुणी टाकलं रे? जाऊन बघतो तर बोर्डाचं भोक मेणासारखं वितळून पिनेला चिकटलेलं, ओढून निघेना, शेवटी मेन स्विच पाडला. हीटर मात्र ठणठणीत होता! २५०० वॅट म्हणजे जवळपास ११ अँपिअर, आणि तो बोर्ड होता टीव्ही-चार्जरसाठीचा ६ अँपिअरचा. मग वायरमनकडून २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी वायर, अर्थिंग आणि १६ अँपिअरचा सॉकेट करून घेतला. तुम्ही पण हीटर अर्धा तास चालला की बंद करून प्लग काढा आणि पिनेच्या प्लास्टिकला हात लावून बघा, कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर सॉकेट ढिला झालाय.

वाडीवस्तीवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा हीटर खराब म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. २३० व्होल्टला २५०० वॅट देणारा हीटर २०० व्होल्टला १९०० च्या आसपासच देतो.

ह्याला कॉइलच्या हीटरसारखी लगेच धग नसते, आधी तेल तापणार मग पाती, म्हणून झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी दार-खिडकी लावून फुल करा. खोली बरी वाटली की नॉब हळूहळू मागं आणा, टक असा आवाज होऊन हीटरवरचा दिवा विझेल, तिथंच सोडा, पुढं तो स्वतःच चालू-बंद होत राहतो. २००० वॅटचा रात्री ८ तास फुल ठेवला तर १६ युनिट जळतात, थर्मोस्टॅटनं निम्मा वेळ बंद राहिला तर ८, बिल कुणाला भरायचंय त्यानं हिशोब करावा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपण्यापेक्षा हे कधीही बरं, तिच्या वायूनं माणूस झोपेतच जातो.

अंथरूण, पडदा ३ फूट लांब. आणि हीटरवर ओले कपडे टाकायचा मोह सगळ्यांना होतो, आमच्या घरात पण झालाय, टाकू नका, ऊब कोंडते, पाणी स्विचमध्ये गळतं आणि पाती गंजतात.

मेंटेनन्स म्हणाल तर फार नाही. यूट्यूबवर परदेशातली लोकं चावीनं रेडिएटरची हवा काढताना दिसतात, ते बॉयलरचं गरम पाणी पाइपातून फिरतं त्याचं काम, तिथं हवा अडकली की वरचा भाग गार राहतो. आपल्यातलं तेल कारखान्यातच सील केलेलं असतं, ते जळत नाही, संपत नाही, बदलायचं नाही, कुठला नट खोलायचा नाही. खाली तेलाचा डाग दिसला तर प्लग काढून सर्व्हिस सेंटरला दाखवा, गावात वेल्डिंग मारून आणू नका. सुरुवातीला टकटक आवाज येतो तो पत्रा तापून ताणतो त्याचा, नवीन असताना थोडा वास पण येतो. गाडीत आडवा आणला असेल तर उभा करून तासभर तसाच ठेवा, मग लावा.

पंधरा दिवसांनी गार असताना जुन्या पेंटिंग ब्रशनं पात्यांमधली धूळ काढा, ती तापली की करपट वास येतो. मे महिन्यात कोरड्या फडक्यानं पुसून फळीवर उभा ठेवा, वर जुनी चादर टाका, प्लास्टिक नको, आमच्याकडच्या पावसात आत घाम धरतो. दसऱ्यानंतर बाहेर काढला की लावायच्या आधी वायर बोटानं चाचपत शेवटपर्यंत जा, गेल्या वर्षी आमच्या वायरीला उंदरानं दोन ठिकाणी दात लावलेले, चादरीखाली दिसलंच नव्हतं.