सोलर कलेक्टरमध्ये नॅनोफ्लुइड टाकलं, आता कार्यक्षमता मोजताना या चुका टाळा

पाणी उष्णतेचं तसं मंद वाहक आहे. त्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला साधारण 0.6 वॅट, तर तांब्याची 400 च्या आसपास. मग पाण्यात धातूची किंवा ऑक्साइडची पूड मिसळली तर? अशा मिश्रणाच्या वाहकतेचा हिशोब भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 19व्या शतकातच मांडला होता, पण जाडसर कण तळाशी बसायचे आणि नळ्या तुंबवायचे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या स्टीफन चॉय यांनी नॅनो आकाराचे कण वापरायची कल्पना मांडली आणि ‘नॅनोफ्लुइड’ हा शब्द रूढ झाला.

सोलर कलेक्टरमध्ये, म्हणजे उन्हाने द्रव तापवणाऱ्या संचात, हा प्रयोग करणारे बहुतेक जण पहिल्याच वळणावर घसरतात. कलेक्टरमधून बाहेर येणारा द्रव जास्त गरम लागला की ‘कार्यक्षमता वाढली’ अशी नोंद होते. पण कण मिसळल्यावर द्रव दाट होतो आणि त्याचा वेग मंदावतो. पंप नसलेल्या, थर्मोसायफनवर (गरम द्रव हलका होऊन आपोआप वर चढतो त्यावर) चालणाऱ्या संचात तर हे हमखास घडतं. मंद वाहणारा द्रव उन्हात जास्त वेळ राहतो, म्हणून जास्त तापतो, एवढंच. उष्णता किती मिळाली हे ठरवायला तापमानातला फरक, प्रवाह आणि विशिष्ट उष्मा (एक किलो द्रव एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) या तिन्हींचा गुणाकार लागतो. प्रवाह प्रत्यक्ष मोजा. पाण्यासाठी कॅलिब्रेट केलेल्या रोटामीटरवर (आतल्या तरंगत्या भागावरून प्रवाह दाखवणाऱ्या मीटरवर) डोळे झाकून विसंबू नका. ठरावीक वेळेत भांड्यात जमा झालेला द्रव वजन करून बघा.

या गुणाकारात आणखी एक खाच आहे. घनफळाने 1 टक्का अ‍ॅल्युमिना (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची पूड) म्हणजे वजनाने जवळजवळ 3.9 टक्के. (निम्मे वाद ‘1 टक्का’ कशाचा हे न लिहिल्यामुळेच होतात.) या मिश्रणाची वाहकता मॅक्सवेलच्या सूत्राने सुमारे 3 टक्के वाढते आणि विशिष्ट उष्मा किलो-केल्विनला 4.18 किलोज्यूलवरून 4.05 च्या आसपास उतरतो, म्हणजे तोही 3 टक्क्यांनी कमी. वजनाने मोजलेल्या प्रवाहाला पाण्याचाच 4.18 लावला, तर घरबसल्या 3 टक्के ‘सुधारणा’ मिळते!

पाणी आणि नॅनोफ्लुइडची तुलना समान रेनॉल्ड्स क्रमांकावर (वेग आणि दाटपणा यांवरून प्रवाह किती खळबळता आहे हे सांगणाऱ्या आकड्यावर) करणं हीसुद्धा जुनी खोड. दाट द्रवाला तोच क्रमांक गाठायला जास्त वेगाने ढकलावं लागतं, आणि श्रेय मात्र कणांना जातं. तुलना पंपाच्या समान शक्तीवर करा.

आणि मुळात अडथळा कुठे आहे? साध्या फ्लॅट प्लेट (काचेखाली सपाट काळा पत्रा असलेल्या) कलेक्टरमध्ये उष्णता मुख्यतः वरच्या काचेतून निसटते. शोषक पत्रा नळ्यांना नीट जोडलेला असेल आणि प्रवाह पुरेसा असेल, तर पत्र्यातून पाण्यात उष्णता बऱ्यापैकी जातेच. तिथे द्रव बदलून मोठी उडी मिळत नाही. सैल जोड किंवा खराब इन्सुलेशन आधी दुरुस्त करा. कण खरे कामाला येतात ते ऊन थेट द्रवातच शोषलं जाणाऱ्या कलेक्टरमध्ये. तिथेही जास्त कण घातले तर सगळं ऊन वरच्या पातळ थरात अडतं, तो थर तापतो आणि उष्णता परत बाहेर जाते. अगदी किंचित प्रमाण पुरतं.

गाळ बसत असेल तर नुसतं पुन्हा सोनिकेटरवर (ध्वनिलहरींनी कण सुटे करणाऱ्या यंत्रावर) धरून भागत नाही. पीएच तपासा. अ‍ॅल्युमिनाच्या कणांवरचा विद्युतभार पीएच 9 च्या आसपास शून्य होतो आणि ते एकमेकांना चिकटतात, म्हणून पीएच त्यापासून दूर हवा. पण स्थिरतेसाठी द्रव फार आम्ल केला तर तांब्याच्या नळ्या खाल्ल्या जातात. सर्फॅक्टंट (कण सुटे ठेवणारा साबणासारखा पदार्थ) घातला तर फेस येतो, आणि प्रवाह थांबून कलेक्टर रिकामा तापत राहिला की तो सर्फॅक्टंटच विघटित होऊ शकतो. म्हणून स्थिरतेची चाचणी बाटलीत, खोलीच्या तापमानाला करून थांबू नका. तापवणं-थंड करणं याच्या अनेक फेऱ्या द्या.

कोरडी पूड हाताळताना मास्क लावा, आणि उरलेला द्रव मोरीत ओतू नका. अंघोळीच्या किंवा पिण्याच्या पाण्यात हे मिसळायचं नसतं. मध्ये हीट एक्स्चेंजर, म्हणजे द्रव न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारा भाग, हवाच.

शेवटची एक चाचणी बहुतेक जण टाळतात. नॅनोफ्लुइडची मोजणी झाली की संच धुवा आणि साधं पाणी पुन्हा चालवा. पहिल्या दिवशीचे पाण्याचे आकडे परत आले नाहीत, तर नळ्यांच्या आत थर बसलेला असू शकतो, किंवा सेन्सरच सरकलेला असू शकतो. अशा वेळी मधले सगळे आकडे बाजूला ठेवून मोजणी पहिल्यापासून करावी लागते.