तलावाचं पाणी तपासताना मी जिथे फसले

वनस्पती प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांवर, संशोधन सुरू करताय म्हणजे पीएच, नत्र, फॉस्फरस, सिलिका हे शब्द तुम्हाला नवे नाहीत. त्यामुळे मी फसले तिथेच थेट येते.

पहिल्याच वर्षी तलाव हिरवागार झाला होता, पण फॉस्फेटच्या चाचणीत नळीत निळा रंग काही चढेना. मी वहीत ‘फॉस्फरस नगण्य’ लिहिलं आणि शैवालांच्या बहराचं खापर चढलेल्या पीएचवर फोडलं. दोन्ही निष्कर्ष चुकले. फॉस्फरस शैवालांनी पेशींत ओढून घेतला होता, गाळलेल्या पाण्यात तो दिसणार कसा? न गाळलेला नमुना पचवून (रसायनं घालून तापवून) एकूण फॉस्फरस मोजला, तेव्हा तो सापडला. पीएचचंही तसंच. प्रकाशसंश्लेषणात शैवालं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतात, म्हणून पीएच वर जातो. एकाच जागी पहाटे 7.8 आणि दुपारी 9.3 आल्यावर माझे डोळे उघडले. सहा महिने मी कधी सकाळी, कधी दुपारी नमुने घेत होते. त्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नव्हती. वेळ ठरवा, ती पाळा, आणि बहर यायच्या आधीचे आठवडे अजिबात सोडू नका.

असे आकडे घातले की कोणता घटक कशासोबत वाढतो याचे बाण सॉफ्टवेअर आलेखात झोकात काढून देतं, पण कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सांगत नाही. कॅनडात 1973 साली लेक 226 या प्रयोगाच्या तलावात मधोमध पडदा लावला. कार्बन आणि नत्र दोन्हीकडे टाकलं, फॉस्फरस एकाच बाजूला. नील-हरित शैवालांनी भरली ती फॉस्फरसची बाजू. कारण असं हाती लागतं. म्हणून मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या नंतर बघा. ते होडीत बसतात का, हे आधी विचारा.

डायटम या शैवालांच्या कवचाला सिलिका लागते, त्यामुळे सिलिका संपत आली की ते मागे पडतात. तिचे नमुने प्लास्टिकच्या बाटलीतच घ्या, काचेतून सिलिका पाण्यात उतरते.

प्रजाती ओळखता येत नाहीत म्हणून खचू नका, नजर बसायला वेळ लागतोच. माझी सहा महिन्यांची पाण्याची रासायनिक मोजणी वाया गेली, पण ल्युगॉल (प्लवक टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घातलेल्या नमुन्यांच्या बाटल्या अंधारात जपल्या होत्या. रंग फिका पडला की त्यात थोडं ल्युगॉल घालत राहिले. त्यातले प्लवक पुढच्या वर्षी मी पुन्हा मोजले.