जुना रेंजफाइंडर कॅमेरा वापरताना या चुका टाळा

एसएलआर कॅमेऱ्यात आपण फोटो काढणाऱ्या भिंगातूनच पाहत असल्यामुळे फोकस चुकला किंवा झाकण काढायचे राहिले, तर ते लगेच लक्षात येते. रेंजफाइंडरमध्ये पाहण्याची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळे असते. खिडकीतले दृश्य नेहमीच स्वच्छ दिसते आणि बिघाड कळतो तो रोल धुऊन आल्यावर. स्वस्तात मिळालेला जुना कॅमेरा हाती येताच त्यात रोल भरून महत्त्वाच्या प्रसंगाला नेणारे नवखे लोक नेमके हेच विसरतात.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे अडकलेल्या शटरमध्ये, म्हणजे फिल्मवर क्षणभर प्रकाश पडू देणाऱ्या झडपेत, तेल सोडणे. कॅनोनेट, मिनोल्टा हाय-मॅटिक यांसारख्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या आत पातळ धातूच्या पात्यांचे शटर असते आणि या पात्या पूर्ण कोरड्या असतानाच चालतात. माझ्या पहिल्या कॅनोनेटचे बटण दाबल्यावर आवाज येई, पण पात्या उघडत नसत. दुरुस्तीसाठी थांबण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून टाचणीच्या टोकाने शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब मी आत सोडला. त्या दिवशी शटर सुरळीत चालले. तीन दिवसांनी तोच कॅमेरा घेऊन मी एका कौटुंबिक समारंभात छत्तीस फोटो काढले आणि प्रत्येक वेळी तो ओळखीचा आवाजही आला. निगेटिव्ह हाती आली तेव्हा निम्म्याहून अधिक चौकटी कोऱ्या होत्या आणि काही काळ्याठिक्कर पडल्या होत्या. तेल पात्यांमध्ये पसरून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. काही वेळा त्या उघडल्याच नाहीत, तर काही वेळा उशिरा मिटल्या. दुरुस्त करणाऱ्याने भिंग सोडवल्यावर मागच्या काचेवरही तेलाचा पुसट थर आढळला. त्या समारंभातली दोन माणसे आता हयात नाहीत, त्यामुळे ही चूक मी आजही हलकेपणाने घेऊ शकत नाही.

तेव्हापासून कॅमेरा घेतल्यावर मी पाठ उघडून तो उजेडाकडे धरतो, भिंगाचे छिद्र पूर्ण मोकळे ठेवतो आणि प्रत्येक वेगावर वीस-वीस वेळा शटर चालवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅमेरा रात्रभर स्वस्थ पडून राहिल्यावर, पहिल्या खेपेला पात्या कशा उघडतात ते पाहतो, कारण चिकटपणा असेल तर तो पहिल्याच खेपेला उघड होतो. पात्या मंद असतील तर पुढची काच काढून लायटरच्या इंधनात किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने त्या पुन्हा पुन्हा पुसाव्या लागतात. वरून इंधन ओतणे हा उपाय अनेकजण सुचवतात. पण त्याने जुने वंगण विरघळून पुन्हा पात्यांवरच येते.

दुसरी चूक फोकसची. रेंजफाइंडरच्या खिडकीत वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात आणि त्या एकमेकींवर जुळवून फोकस साधला जातो. दूरच्या मनोऱ्याच्या दोन प्रतिमा खिडकीत एकमेकींवर बसल्या, की रेंजफाइंडर बरोबर आहे असे गृहीत धरले जाते. अनंत अंतरावर जुळलेली यंत्रणा एक मीटरवर चुकीची असू शकते आणि चूक तिथेच जाणवते, कारण ४५ मिलिमीटरचे भिंग एफ/१.७ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडे असताना, एक मीटर अंतरावर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटरचा असतो. फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर धुरकट टेप ताणून लावावी, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहणाऱ्या खुणेवर) उघडे ठेवावे आणि मीटरभर अंतरावरचा छापील मजकूर बहिर्गोल भिंगातून तपासावा. या कामाला एक संध्याकाळ लागते आणि ती वाचवण्यासाठी इन्फिनिटीचा (अनंत अंतराची जुळणी ठरवणारा) स्क्रू अंदाजाने फिरवणे मला मुळीच मान्य नाही.

पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीऐवजी १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घातली, तर कॅमेऱ्यातल्या बऱ्याच जुन्या प्रकाशमापकांना (मीटरना) उजेड जास्त असल्याचे भासते आणि फोटो अंधारा येतो. श्रवणयंत्राची ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहते, मात्र ती काही आठवड्यांत वाळते. याशिका इलेक्ट्रो ३५ बॅटरीविना एकाच, सर्वांत जलद वेगाने चालतो, हेही घेणाऱ्याला ठाऊक असावे.

झोर्की-४ या सोव्हिएत कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवून शटर चढवल्यावरच वेग बदलावा, आधी नाही.

फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांच्या शटरचे कापडी पडदे उन्हात भिंगावर झाकण नसेल तर जळून त्यांना बारीक भोके पडतात. सोनेरी मुलाम्याची, युद्धकालीन शिक्के कोरलेली स्वस्त ‘लायका’ (मूळचा महागडा जर्मन कॅमेरा) जवळजवळ नेहमीच नव्याने सजवलेली फेड किंवा झोर्की असते. भिंग घेताना छिद्र पूर्ण उघडून तिरक्या टॉर्चने आत पाहावे; बुरशीचे तंतू आणि धुके समोरून पाहिल्यास दिसत नाहीत. पाठीच्या खाचांतला फोम हाताला चिकट काळा लागत असेल, तर तो खरवडून खाचांत काळी लोकर बसवावी.

रोल भरल्यावर रिवाइंडची गुंडी हलकेच फिरवून फिल्म ताणून घ्यावी आणि पुढच्या प्रत्येक खेपेला ती गुंडी फिरते का ते पाहावे. आकडे पुढे सरकले म्हणजे फिल्म सरकली असे होत नाही. गुंडी फिरत नसेल, तर रोल संपण्याची वाट न पाहता अंधाऱ्या खोलीत पाठ उघडून फिल्मचे टोक नीट अडकवावे.