हुशार मूल आणि प्रज्ञावंत मूल: शिक्षकांनी काय पाहावे, काय करावे

तासगावकडच्या एखाद्या शाळेत गुणोत्तर शिकवताना शिक्षकांनी चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो असे उदाहरण दिले, तर बहुतेक मुले ‘४ : १’ असे वहीत लिहून मोकळी होतात. एखादे मूल मात्र उरलेले तीन किलो गेले कुठे, असे विचारते आणि पाणी उडून गेले हे उत्तर मिळताच, मग सगळ्या द्राक्षांत पाणी सारखेच असते का, असा पुढचा प्रश्न टाकते. प्रज्ञावंत मुलाचा शोध या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करावा.

गुणपत्रिकेवरून हा शोध लागत नाही. शिक्षकांनी विचारले तेवढे नेमके कोणी सांगितले, एवढेच गुणांवरून कळते. उलट प्रज्ञावंत मुलाची वही पुष्कळदा अर्धवट असते, अक्षर वाईट असते आणि शिक्षकांच्या खोलीत त्याचा उल्लेख ‘आगाऊ’ असा होत असतो. म्हणून किमान दोन महिने एक नोंदवही ठेवावी. तीत ‘चौकस आहे’ असा शेरा न लिहिता तारीख घालून मूल प्रत्यक्ष काय बोलले ते त्याच्याच शब्दांत उतरवावे, कारण शेरा शिक्षकाचे मत सांगतो, शब्द मुलाचा विचार दाखवतात. जोसेफ रेन्झुली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाचा ध्यास या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे प्रज्ञा पाहावी, असे मांडले. तिसरी गोष्ट आपल्या वर्गात सहसा दिसत नाही, कारण मुलाने स्वतः निवडलेले काम आपण त्याला क्वचितच देतो.

कोणती मुले नजरेतून सुटतात, याचा विचार वेगळा करावा लागतो. जत तालुक्याच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारे मूल मराठी वर्गात गप्प असेल, तर त्याची भाषा अडली आहे की विचार, हे आधी तपासावे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या परिसरात येणाऱ्या मुलांची तर हजेरीच तुटक असते, तेव्हा गुणांची वाट पाहणे व्यर्थ. शहाणपणाने गप्प बसणाऱ्या मुली आणि वाचन-लेखनाची अक्षमता असलेली, पण तोंडी उत्तरांत चमकणारी मुलेही याच रांगेत येतात. घरी मूल काय उलगडून बसते, कशात तासन्‌तास रमते, हे आजीला विचारावे. पालकसभेत हे सहसा कोणी सांगत नाही.

मूल ओळखल्यावर सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याला जास्तीचा गृहपाठ देणे. मीही ती केली आहे: लवकर संपवले की आणखी दहा गणिते मिळतात, हे ध्यानात आल्यावर माझ्या वर्गातील एक मुलगी मुद्दाम सावकाश लिहू लागली. त्याऐवजी स्वाध्यायातील सर्वांत अवघड पाच उदाहरणे आधी द्यावीत आणि ती बरोबर आली तर उरलेल्यांतून सूट देऊन तो वेळ वेगळ्या कामासाठी मोकळा करावा. ताटलीभर द्राक्षे वाळत घालून रोज वजन करणे आणि आलेख काढणे हे असे एक काम. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पावसाळ्यात रोजची पातळी आणि कोयना धरणातील विसर्ग शेजारीशेजारी मांडले, तर पाणी इथवर यायला किती वेळ लागतो, याचा अंदाज आठवीतले मूल स्वतः बांधू शकते. अशा मुलाला सदैव मागे पडलेल्यांना शिकवायला बसवू नये, ती त्याची नेमणूक नव्हे.

परीक्षांचा उपयोग आहे, पण मर्यादित. पाचवीत असताना देण्याच्या नवोदय विद्यालयांच्या (केंद्र सरकारच्या निवासी शाळांच्या) प्रवेशपरीक्षेत १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमतेला असतात. पलूस येथील नवोदय विद्यालय सांगली जिल्ह्यासाठी आणि खावली येथील सातारा जिल्ह्यासाठी आहे. आठवीत एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा असून पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असल्यास निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. प्रश्नसंच घोटून घेतल्याने निकाल सुधारतो. कुतूहल मात्र बहुधा तिथेच आटते.

प्रज्ञा वहीबाहेरही असते. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवमधील गुण जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांनी हेरले, पुढे तो क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्येत भारताकडून खेळला.

पालकांशी बोलताना ‘तुमचा मुलगा कलेक्टर होणार’ असे भाकीत टाळावे. पहिल्यांदाच काही जमले नाही की अशी मुले वही फाडतात, रडतात किंवा प्रयत्नच सोडतात, म्हणून त्यांना चुकण्याइतके अवघड काम लहानपणीच द्यावे आणि चूक कुठे झाली ते त्यांच्याबरोबर बसून पाहावे. मूल दुसऱ्या शाळेत जाईल तेव्हा नोंदवहीतील त्याच्या पानांची प्रत दाखल्यासोबत पाठवावी आणि नव्या वर्गशिक्षकांना एकदा फोन करावा, नाहीतर पहिल्या आठवड्यातच त्याच्यावर पुन्हा ‘आगाऊ’ हा शिक्का बसतो.