गॅपनंतर पुन्हा वकिली कशी सुरू करायची? खास वकील मैत्रिणींसाठी

लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली, सासूबाईंचं आजारपण, कारण काहीही असो, चार-पाच वर्षं काळा कोट कपाटात पडला की पहिला विचार येतो तो कोर्सचा. एखादा डिप्लोमा करू, सायबर लॉ वगैरे, मग कॉन्फिडन्स आला की जाऊ. माझं मत उलट आहे. गॅपमध्ये आपण कायदा विसरतो त्यापेक्षा जास्त कोर्टातली माणसं आपल्याला विसरतात, आणि काम मिळतं ते समोर दिसणाऱ्याला. त्यामुळे आधी कोर्टात जायला लागा, कोर्स काय रात्रीही होतो.

पण त्याआधी कागद बघा. मधल्या काळात फुलटाइम पगारी नोकरी केली असेल आणि सनद (वकिलीचा परवाना) सस्पेंड केली असेल तर महाराष्ट्र-गोवा बार काउन्सिलकडे ती पुन्हा सुरू करायचा अर्ज द्यावा लागतो. २००९-१० नंतर लॉ पास झालेल्यांनी ऑल इंडिया बार एक्झाम दिलीये ना तेही तपासा, राहिली असेल तर घाबरू नका, बेअर अॅक्ट (नुसत्या कायद्याचं, टीपा नसलेलं पुस्तक) घेऊन बसू देतात.

मग महिनाभर नुसतं कोर्टात बसायचं. खरंच नुसतं. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघा, एक कोर्ट पकडा आणि मागच्या बाकावर बसून पुकारा झाला की कोण उठतं, जज कशावर चिडतात, आता ई-फायलिंग कसं चालतं हे बघा, बेंच क्लार्कशी ओळख करून घ्या, बाररूममध्ये चहा प्या. पहिल्या आठवड्यात फार ऑकवर्ड वाटतं, जो तो 'अरे मॅडम, किती दिवसांनी!' म्हणतो, त्यावर गॅपची स्टोरी सांगत बसू नका, 'आता रोज येतेय, काही असेल तर सांगा' एवढंच. कुणाला दुसऱ्या कोर्टात पळायचं असतं, कुणाची पर्सिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) द्यायची राहिलेली असते, आणि असली किरकोळ कामं करता करताच तुमचं नाव परत फिरायला लागतं.

अभ्यासात सगळ्यात आधी नवे फौजदारी कायदे घ्या, कारण १ जुलै २०२४ पासून आपले पाठ असलेले कलमांचे आकडे कामाचे राहिले नाहीत. सासरच्या छळाचं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ मध्ये आहे, पोटगीचं १२५ हे बीएनएसएसचं (सीआरपीसीच्या जागी आलेली नागरिक सुरक्षा संहिता) १४४ झालंय. आणि सगळ्यात वैताग ४८२ चा, आधी ४८२ म्हटलं की क्वॉशिंग (गुन्हा रद्द करून घेणं), आता ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, क्वॉशिंग गेलं ५२८ ला. शिवाय त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुना आयपीसीच लागतो, म्हणजे दोन्ही पुस्तकं टेबलावर हवीत. चेकबाउन्सचं १३८ आणि घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा मात्र जागेवर आहेत, त्यामुळे सुरुवातीची मॅटर्स तिथली घेतली तर हात लवकर बसतो.

सिनिअरकडे परत जायचं असेल तर आधीच बोलून घ्या. संध्याकाळी चेंबरला थांबता येणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगा, नंतर रोज कारणं देण्यापेक्षा ते बरं. आणि काम काय मिळणार तेही विचारा, कारण आपल्याकडे लेडी ज्युनिअर म्हणजे तारखा घ्यायच्या आणि ड्राफ्टिंग करायचं असा एक अलिखित नियमच आहे, उलटतपासाची वेळ आली की फाइल दुसऱ्याच्या हातात. छोट्या साक्षीदाराचा का होईना, उलटतपास मागून घ्या. पैशाचंही विचारा. बार काउन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंड द्यावा असं सुचवलंय. सक्ती नाहीये, पण बोलणी सुरू करायला आकडा आहे.

आता फी, जिथे आपल्यातल्या निम्म्याजणी अडखळतात. पक्षकार विचारतो, 'मॅडम, फी किती होईल?' आणि आपण म्हणतो, 'बघू हो नंतर.' ते नंतर कधी येत नाही. त्याऐवजी समोर कागद घ्या आणि लिहीत लिहीत सांगा: 'दावा तयार करून दाखल करायचे एवढे, दर तारखेचे एवढे, स्टॅम्प-टायपिंग-झेरॉक्स वेगळं.' आणि मग गप्प बसा. गप्प बसणंच अवघड आहे, कारण तोंडातून आपोआप 'तुम्हाला जमेल तसं द्या' निघतं. तो कागद फाइलला लावून ठेवा. ओळखीतल्या बायका तर फोनवर तासभर सल्ला घेतात, त्यांनाही प्रेमाने 'ऑफिसला ये गं' म्हणायचं.

जाहिरात करता येत नाही, बार काउन्सिलचा नियम ३६ आहे, तेव्हा रील्समध्ये 'घटस्फोटासाठी संपर्क करा' वगैरे नको. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलला अर्ज करा. तिथे साधारण ३ वर्षांची प्रॅक्टिस लागते, आणि बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळत असल्यामुळे मॅटर्स भरपूर असतात. मानधनावर घर चालणार नाही, पण साक्षीपुरावा स्वतःच्या हाताने चालवायला मिळतो. कौटुंबिक मॅटर्स तर न मागता येतील, बाई वकील म्हटलं की लोकांना घटस्फोटच आठवतो, घ्या ती, पण सोबत दोन-तीन दिवाणी दावेही ठेवा, निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) युक्तिवाद केल्याशिवाय दिवाणीची भीती जात नाही. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या मैत्रिणींना तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाच हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळालंय, अपिलासाठी मुंबईला मुक्काम करायची गरज नाही.

आणि एक फाइल आजच उघडा, तिच्यात स्वतःच्या वकीलपत्रांच्या आणि हजेरी लागलेल्या रोजनाम्यांच्या (कोर्टाच्या रोजच्या नोंदींच्या) कॉप्या टाकत जा. नोटरीला एरवी १० वर्षांची प्रॅक्टिस लागते, बायकांना ७ चालतात, हे कित्येकींना माहीतच नसतं. जेएमएफसी म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी व्हायलाही सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये ३ वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणलीये. त्याचं सर्टिफिकेट १० वर्षं झालेल्या वकिलाकडून घेऊन वर जजसाहेबांची सही लागते, आणि तेव्हा जुने कागद शोधत रेकॉर्डरूमच्या चकरा मारायला नकोत.