एचआयव्हीची धास्ती आणि चाचणी: या चुका टाळा

मी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत समुपदेशक आहे. एचआयव्हीची मोफत चाचणी होते ती ही खोली. दारापर्यंत येऊन पाण्याच्या टाकीकडे वळणारे लोक मला रोज दिसतात. आत आलेल्याला मी आधी तारीख विचारते. काय झालं, कुणाबरोबर झालं, हे नंतर. कारण इथे घाई आणि धीर यांची हमखास अदलाबदल होते. तासांचा हिशोब असतो तिथे लोक दिवस घालवतात आणि आठवडे थांबायचं असतं तिथे दुसऱ्या सकाळीच लॅबच्या दारात उभे राहतात.

पहिले तीन दिवस वाया घालवणं

एक पंचविशीतला मुलगा गुरुवारी आला. शनिवारी रात्री कंडोम फाटला होता. रविवारभर त्याने दार लावून मोबाईलवर लक्षणं वाचली. सोमवारी मित्राच्या सल्ल्याने मेडिकलमधून अँटिबायोटिक घेतलं. एचआयव्ही हा विषाणू आहे, अँटिबायोटिकला तो दाद देत नाही. पण मित्र ठामपणे बोलला की आपल्याकडे पुरतं. मंगळवारी खासगी लॅबमध्ये चाचणी केली. निगेटिव्ह! त्या आनंदात बुधवार गेला. गुरुवारी कुठूनतरी पेपबद्दल कळलं आणि हा पळत आला, "मॅडम, त्या गोळ्या द्या."

पेप म्हणजे संपर्कानंतर लागण रोखण्यासाठी घ्यायच्या एचआयव्हीविरोधी गोळ्या. पहिला डोस जितक्या लवकर तितका चांगला, दोन तासांत मिळाला तर उत्तम, आणि काहीही झालं तरी ७२ तासांच्या आत. नंतर रोज, एकूण २८ दिवस. त्याचे ७२ तास मंगळवारी रात्रीच संपले होते. आणि ज्या रिपोर्टच्या भरवशावर तो बुधवारी निवांत झोपला, तो रिपोर्ट शनिवारच्या संपर्काबद्दल काहीच सांगत नव्हता. तीन दिवसांत कुठलीच चाचणी ते सांगू शकत नाही. त्याचा शेवटचा रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह आला, पण मधले तीन महिने त्याने कसे काढले ते मी पाहिलंय.

म्हणून कंडोम फाटला, वापरलेली सुई टोचली, बळजबरी झाली, तर वाचत बसू नका. रात्र असली तरी सिव्हिल हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात जा आणि 'पेप हवंय' असं स्पष्ट सांगा. तिथे जमलं नाही तर एमडी डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊन गोळ्या बाहेरून आणा. गोळ्या लागतील की नाही हे डॉक्टर ठरवतील. ओळखीच्या कुणाच्या पाकिटातल्या चार गोळ्या उसन्या घेऊन गिळणं म्हणजे पेप नव्हे. मळमळतंय म्हणून आठव्या दिवशी परस्पर बंद करणारे तर मला हात टेकायला लावतात.

चाचणीची घाई

आमच्याकडची रॅपिड चाचणी विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. रॅपिड चाचणीचं पक्कं उत्तर ९० दिवसांनी. लॅबमधली चौथ्या पिढीची चाचणी (प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी), शिरेतल्या रक्तावर केलेली, ४५ दिवसांनी भरवशाची. पेप घेतलं असेल तर तारखा बदलतात, त्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मी येणाऱ्याला कॅलेंडरवर दोनच खुणा करायला लावते: आजची आणि शेवटच्या चाचणीची. मधल्या काळात कंडोम वापरा आणि रक्तदान करू नका.

रक्तदानावर मला जरा जास्तच बोलायचंय. गणपतीत किंवा शिवजयंतीला शिबिर लागलं की काही हुशार मंडळी 'फुकटात चाचणीही होऊन जाईल' म्हणून रांगेत उभी राहतात. फॉर्मवर खोटं लिहितात. लागण ताजी असेल तर रक्तपेढीच्या तपासणीतूनही ते रक्त सुटू शकतं आणि एखाद्या थॅलेसेमियाच्या लेकराला चढू शकतं. चाचणी आमच्याकडेही फुकटच होते! शिबिरात जायला लाज वाटत नाही आणि आमच्या खोलीत यायला वाटते, हे मला आजवर कळलेलं नाही.

लक्षणांवरून निदान

लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप, घसादुखी, पुरळ येतं हे खरं. पावसाळ्यात निम्म्या गावाला तेच होतं. काहीजण मानेतल्या गाठी दिवसभर चाचपतात, दाबून दाबून त्या दुखायला लागतात आणि मग दुखतात म्हणून झोप उडते. आरशात जीभ बघणं बंद करा.

बायकोचा रिपोर्ट आपला समजणं

गरोदरपणात तिची चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे नवऱ्याची झाली असं होत नाही. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशी कितीतरी जोडपी असतात.

डास, संडास, एका ताटातलं जेवण

यातून एचआयव्हीची लागण होत नाही. न्हाव्याकडे नवीन ब्लेड मागा, पण ते मुख्यतः 'ब' काविळीसाठी.

एका रेघेवर कोसळणं

एकच चाचणी रिॲक्टिव्ह आली, म्हणजे किटवर लागणीची रेघ उमटली, तर आम्ही पॉझिटिव्ह म्हणत नाही; तीन वेगवेगळ्या किट जुळाव्या लागतात. जुळल्याच, तर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या गोळ्या मोफत आहेत, आणि नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. २०१७ च्या कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि रिपोर्ट फोडताही येत नाही. तेव्हा तोंडाला रुमाल बांधून खोटं नाव सांगू नका. उद्या रिपोर्ट न्यायला तुम्हीच ते नाव विसरता.

पुन्हा पुन्हा चाचणी

मुदत संपल्यावरचा निगेटिव्ह हा निगेटिव्हच. तरी काहीजण दर महिन्याला नवी लॅब गाठतात. एका वेळच्या योनीमार्गातल्या संबंधातून, समोरची व्यक्ती पॉझिटिव्ह आणि उपचाराविना असली तरी, लागणीची शक्यता साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी असते. गुदमार्गातल्या संबंधात, घेणाऱ्याला, शंभरात एकाहून थोडी जास्त. हे आकडे सांगूनही ज्याचा जीव शांत होत नाही, त्याला मी पाचवी चाचणी करून देत नाही. रक्तात नसलेली गोष्ट सुईने सापडत नाही. त्याला मी मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी देते. शंका एचआयव्हीची असेल तर १०९७, धास्ती सुटत नसेल तर टेली-मानसचा १४४१६. दोन्ही फोन मोफत, मराठीतही बोलता येतं.